वीस चौरस फुटांची चैन

स्वस्त जिमच्या मालकाचा सगळ्यांत लाडका सभासद म्हणजे जो पैसे भरतो आणि येत नाही तो. हा विनोद नाही. अमेरिकेत त्या धंद्याचं गणितच त्याच्यावर उभं आहे. प्लॅनेट फिटनेस ही तिथली सर्वांत मोठी स्वस्त साखळी. वर्षानुवर्षं तिची साधी मेंबरशिप महिन्याला 10 डॉलर होती. 2024 मध्ये नव्या सभासदांसाठी ती 15 झाली. एका शाखेची जागा ढोबळमानाने 20,000 चौरस फूट आणि सभासद सरासरी सात हजारांच्या घरात. म्हणजे माणशी तीनच चौरस फूट. सगळे एकाच संध्याकाळी उगवले तर ट्रेडमिल सोडाच, उभं राहायलाही जागा मिळायची नाही. पण सगळे कधीच उगवत नाहीत. आणि रक्कम इतकी किरकोळ की न येणाऱ्यालाही ती बंद करण्याचा उत्साह होत नाही.

जरा जास्त पैसे मोजणाऱ्यांचीही हीच तऱ्हा असते, हे स्टेफानो डेला विग्ना आणि उल्रिके मालमेंडिअर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2006 साली दाखवून दिलं. अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातल्या तीन क्लबांमधल्या 7,752 सभासदांची हजेरी त्यांनी तपासली. त्यांतले महिन्याला 70 डॉलरहून जास्त भरणारे लोक महिन्यातून सरासरी चार-साडेचार वेळा येत होते. दर खेपेला त्यांना 17 डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच क्लबात दहा खेपांचा पास 10 डॉलर खेपेने मिळत होता. जिमच्या सभासदांच्या वेगळ्या पाहणीत मात्र लोकांचा स्वतःबद्दलचा अंदाज महिन्याला नऊ-साडेनऊ खेपांचा निघाला. शेवटची चक्कर मारल्यावर मेंबरशिप प्रत्यक्ष रद्द करायला क्लबांतल्या सभासदांना सरासरी दोन महिन्यांहून जास्त लागत. त्या अभ्यासाचं शीर्षकच ‘जिमला न जाण्याचे पैसे’ अशा अर्थाचं आहे.

मोठ्या, महागड्या क्लबांबद्दल लोक काय चांगलं बोलतात आणि कशावर चिडतात हे समजून घ्यायचं तर हे गणित आधी डोक्यात हवं. कारण त्यांचं गणित याच्या उलटं आहे. त्यांना सभासद यायला हवा असतो. रोज यावा, तास-दोन तास रेंगाळावा, मुलांना आणावं, खाली कॅफेत काही खावं, ट्रेनर लावावा, मसाज घ्यावा. आणि तो खरोखरच येतो. पुढच्या बहुतेक तक्रारी त्यातूनच निघतात.

लाइफ टाइम हे या प्रकाराचं सगळ्यांत ठळक उदाहरण. 1992 साली मिनेसोटा राज्यात बहराम अक्रादी या इराणी वंशाच्या माणसाने ही कंपनी सुरू केली. आधी तो ज्या साखळीत काम करत होता, तिथे ग्राहकाला टेबलापाशी बसवून दीर्घ मुदतीच्या करारावर सही घेईपर्यंत उठू द्यायचं नाही, अशी त्या काळातल्या धंद्याची एकूण रीत होती. अक्रादीने करारच काढून टाकला. महिन्याचे पैसे भरा, नको वाटलं तर सोडा. करार नसला की माणूस टिकवायला एकच उपाय उरतो: त्याला यावंसं वाटलं पाहिजे. म्हणून इमारती मोठ्या होत गेल्या. आज एकेक क्लब लाखभर चौरस फुटांच्या आसपास असतो: आत-बाहेर पोहण्याचे तलाव, धावण्याचा ट्रॅक, बास्केटबॉलची कोर्ट, योगाचे वेगळे हॉल, पाळणाघर, कॅफे, केस कापायचं सलून. 2024 अखेर असे पावणेदोनशेच्या वर क्लब आणि आठ लाखांच्या वर मेंबरशिपा होत्या. भागाकार केला तर मेंबरशिपमागे वीस-एकवीस चौरस फूट येतात. एका मेंबरशिपवर नवरा-बायको-मुलं असू शकतात, त्यामुळे माणशी आकडा बराच खाली उतरेल. तरीही स्वस्त जिमच्या तीन फुटांपुढे ही ऐसपैस चैनच आहे. या चैनीसाठी गावानुसार महिना दीडशे-दोनशे डॉलर, मोठ्या शहरांत तीनशेच्याही वर.

बरं, या पैशात व्यायाम काही वेगळा होत नाही. वीस किलोचं डंबेल दहा डॉलरच्या जिममध्येही वीस किलोचंच असतं. सभासदांना क्लबातलं काय आवडतं असं विचारलं तर यंत्रांचं नाव क्वचित निघतं. निघतो तो टॉवेल. स्वच्छ, गुंडाळून ठेवलेले, हवे तितके घ्या आणि वापरून टोपलीत टाका. घरून पिशवीत ओला पंचा नेण्याआणण्याची कटकट गेली. शॅम्पू, साबण, केस वाळवायचं यंत्र, गरम पाण्याचा भरपूर शॉवर: सकाळी सहाला व्यायाम करून तिथूनच इस्त्रीचे कपडे घालून कामावर जाणाऱ्या माणसाला लॉकर रूम ही क्लबातली सगळ्यांत मोलाची खोली वाटते. 1991 साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या इक्विनॉक्सने हे फार लवकर ओळखलं. निलगिरीच्या वासाचे गार टॉवेल ही त्या साखळीची ओळख होऊन बसली, ट्रेडमिल नव्हे.

दुसरी आवडीची गोष्ट पाळणाघर. लहान मुलांना दिवसातून साधारण दोन तास तिथे ठेवता येतं, आणि कुटुंबाच्या मेंबरशिपमध्ये बहुधा ते धरलेलं असतं. अट एकच, आईबाप क्लबाच्या आवारात हवेत. आता आवारात कॅफे आहे, वाय-फाय आहे, आरामखुर्च्या आहेत. त्यामुळे सकाळी दहाच्या सुमारास व्यायामाचे कपडे घालून, लॅपटॉप उघडून, कॉफीबरोबर ऑफिसचं काम उरकणारे आईबाप तिथे हमखास दिसतात. घाम कुणालाच आलेला नसतो. क्लबाला याची पूर्ण कल्पना असते आणि त्याची मुळीच हरकत नसते. अमेरिकेत दोन तास मुलं सांभाळायला माणूस शोधायचा तर काय पडतं, हे आईबाप आणि क्लब दोघांनाही ठाऊक आहे. महिन्याची फी वसूल झाली की नाही याचा हिशेब कित्येक घरांत पाळणाघरापासूनच सुरू होतो.

तिसरी गोष्ट हवामान. मिनेसोटातल्या मिनिआपोलिसला जानेवारीचं सरासरी तापमान शून्याखाली नऊ अंशांच्या आसपास असतं. फुटपाथवर बर्फ, चार वाजून गेले की अंधारायला लागतं. अशा गावात उबदार, उजेडाचा, माणसांनी भरलेला लाखभर फुटांचा हॉल म्हणजे गावाचा पारच. तिथे स्थायिक झालेल्या मराठी घरांतही हे दिसतं. पुण्या-नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील मुलाच्या क्लबात पाहुण्याच्या पासवर जातात आणि आतल्या ट्रॅकवर स्वेटर घालून फेऱ्या मारतात. खाली बास्केटबॉल चाललेला असतो, वर सदाशिव पेठ. माझ्या मते त्या इमारतीचा इतका सार्थ उपयोग दुसरा नाही. लॉकर रूममध्ये मात्र या पिढीची पंचाईत होते. तिथल्या जुन्या अमेरिकन सभासदांना उघड्याने वावरायचा संकोच नसतो. पण तिथलीही तरुण पिढी आता लाजरी झाली आहे, आणि नव्या क्लबांत दार लागणाऱ्या एकेकट्या न्हाणीघरांची संख्या वाढते आहे.

आणि शिकवणारा. गटाने करायच्या क्लासात माणसं प्रकाराला नव्हे, व्यक्तीला बांधलेली असतात. मंगळवारी साडेसहाचा स्पिनिंगचा क्लास घेणारी बाई दुसऱ्या क्लबात गेली की पंधरा-वीस सायकली रिकाम्या होतात. क्लबाचं व्यवस्थापन लाखो डॉलर दिव्यांवर आणि संगमरवरावर खर्च करतं, आणि सभासद टिकतो तो तासाला पैसे मिळणाऱ्या त्या बाईमुळे. या शिक्षकांना फार काही मिळत नाही, ही तक्रार सभासदसुद्धा करतात, आणि ती खरीच आहे.

आता नावडीकडे. पहिली तक्रार गर्दीची, दुसरी गर्दीची, तिसरीही गर्दीची. फक्त जागा बदलते. संध्याकाळी पाच ते सात या वेळात पार्किंगला गाडी लावायला दहा मिनिटं, स्क्वॉटच्या रॅकसमोर रांग, क्लासची ॲपवरची नोंदणी उघडताच काही मिनिटांत भरलेली. रॅकवर बसून फोन बघणारा, किंवा तिपाई लावून स्वतःचा व्हिडिओ काढणारा, हा सगळ्यांचा सामाईक शत्रू. मोठी जागा पाहूनच माणूस सभासद झालेला असतो, आणि तीच जागा पाहून झालेले बाकीचे त्याला खुपतात.

पण गर्दीचं खरं रणांगण म्हणजे तलाव, आणि तिथे जरा थांबायला हवं, कारण तिथली भांडणं स्वभावाची नसून पाण्याची आहेत. लांब पोहणाऱ्याला 26-27 अंशांचं पाणी हवं; स्पर्धांच्या तलावांसाठी 25 ते 28 अंश ही मर्यादा आहे ती यासाठीच. हातपाय जोरात चालले की शरीर तापतं, त्याहून गरम पाण्यात जीव घाबरा होतो. उलट पाण्यात उभं राहून हलका व्यायाम करणाऱ्या साठीच्या बायका आणि लहान मुलं यांना तेच पाणी बोचतं. त्यांना 29-30 हवं. एका तलावात दोन तापमानं राहत नाहीत. व्यवस्थापन मधला आकडा धरतं आणि दोन्ही बाजूंची नाराजी मिळवतं. मग लेनचा प्रश्न. एका लेनमध्ये दोघं असली तर निम्मी निम्मी वाटून घेतात. तिसरा आला की एका कडेने जायचं आणि दुसऱ्या कडेने यायचं असा फेरा धरावा लागतो. त्यात एकाचा वेग दुसऱ्याच्या निम्मा असला की मागच्याचा हात पुढच्याच्या पायाला लागतो आणि तक्रार काउंटरवर पोचते. त्यातच दुपारी मुलांच्या पोहण्याच्या शिकवणीसाठी क्लब दोन-तीन लेन राखून ठेवतो. ती शिकवणी वेगळ्या पैशांची असते, त्यामुळे राखीव लेन क्लबाला कमाई देतात आणि उघड्या लेन देत नाहीत. पोहणाऱ्याला हे गणित कळतं, म्हणून तो जास्त चिडतो.

बंद तलावाच्या वासाबद्दलही खूप लोक बोलतात. ‘क्लोरीन फार टाकतात’ असं म्हणतात ते मात्र चूक. डोळे चुरचुरवणारा तो वास शुद्ध क्लोरीनचा नसतो. घाम, लघवी, अंगाला लावलेली क्रीमं यांतल्या नायट्रोजनच्या संयुगांशी क्लोरीनची प्रक्रिया होऊन क्लोरामाइन तयार होतात, त्यांचा तो वास. म्हणजे पोहायच्या आधी अंघोळ न करणारे जितके जास्त तितका वास जास्त. ‘आमचा तलाव खाऱ्या पाण्याचा आहे’ असं क्लब अभिमानाने सांगतो तेव्हा एवढंच झालेलं असतं की पाण्यात मीठ घालून विजेच्या साहाय्याने त्यातून क्लोरीन जागच्या जागी बनवला जातो.

सौना या गरम हवेच्या खोलीची गंमत वेगळी. फिनलंडमध्ये लोक 80-90 अंशांत दगडांवर पाणी टाकत बसतात. अमेरिकन क्लबात बऱ्याच ठिकाणी पाणी टाकायला बंदी असते, तापमान उतरवलेलं असतं, आणि आत कुणीतरी बूट घालून, कानात हेडफोन लावून, फोनवर धंद्याची बोलणी करत असतो. गप्प बसायची खोली म्हणून येणारे आणि गप्पांची खोली म्हणून येणारे हे दोन पक्ष कुठल्याही क्लबात सापडतात. क्लासातल्या संगीताचंही तेच. 85 डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालेल, असं अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचं म्हणणं आहे. त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे 94 डेसिबलला एक तास, आणि जोशातला स्पिनिंगचा क्लास तिथे सहज पोचतो. विद्यार्थी तासाभराने घरी जातो. शिकवणारीला त्यानंतर आणखी दोन क्लास असतात.

अलीकडची मोठी कुरबूर पिकलबॉलची. 1965 साली सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर सुट्टीतला वेळ घालवायला काढलेला हा खेळ महामारीनंतर अमेरिकेत वणव्यासारखा पसरला, आणि लाइफ टाइमने त्याच्यासाठी शेकडो कोर्ट आखली. टेनिसच्या एका कोर्टात पिकलबॉलची चार बसतात. दोघांऐवजी सोळा माणसं खेळतात. व्यवस्थापनाला याहून गोड भागाकार कुठला? टेनिसवाले आणि बास्केटबॉलवाले मात्र आपल्या कोर्टांवर पडलेल्या नव्या रंगीत रेघांकडे भाऊबंदकीच्या नजरेने बघतात. वर प्लास्टिकच्या चेंडूचा तो टकटक आवाज, योगाच्या हॉलपर्यंत जाणारा.

यानंतर पैशांची तक्रार. मेंबरशिप घेतल्यावर ‘तुमची मोफत तपासणी’ म्हणून ट्रेनरकडे बोलावतात. तो चरबी मोजतो, गुडघे वाकवायला लावतो, चिंतेचा चेहरा करतो आणि शेवटी बारा सत्रांचं पॅकेज पुढे सरकवतो. लाइफ टाइमच्या उत्पन्नातला चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग महिन्याच्या फीबाहेरचा आहे: ट्रेनर, कॅफे, स्पा वगैरे. त्याहून बोचतं ते जुन्या सभासदांचा दर दरवर्षी चढवत नव्यांच्या जवळ आणणं. महामारीआधी एका मेंबरशिपमागे कंपनीला वर्षाला दोन हजार डॉलरच्या थोडं वर मिळत होतं. 2024 पर्यंत ते तीन हजारांच्या पलीकडे गेलं. दर वाढवून माणसं थोडी कमी ठेवायची आणि काही क्लबांपुढे प्रतीक्षायादी लावायची, हे आता उघड धोरण आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी शिक्षक, परिचारिका असे लोक ज्या क्लबात होते तिथे आता डॉक्टर आणि सॉफ्टवेअरवाले उरतात. गर्दीची तक्रार क्लबाने ऐकली, आणि उत्तर दराने दिलं.

इक्विनॉक्सने तर 1 जानेवारी 2023 ला नव्या सभासदांना दार लावून घेतलं. नव्या वर्षाचे संकल्प करून येणारे आम्हाला नकोत, अशी त्या दिवसाची जाहिरात होती. टीका भरपूर झाली, उद्धटपणा म्हणून. पण जुना सभासद मनातून सुखावला असणार. जानेवारीतली गर्दी त्यालाच सोसावी लागते. त्याच साखळीने 2024 मध्ये रक्ततपासण्या, झोपेचा सल्लागार, आहारतज्ज्ञ आणि ट्रेनर असं सगळं धरून वर्षाला सुमारे 40,000 डॉलरची योजना काढली. तिथे गर्दीची तक्रार येण्याचं भय नसावं.

सोडून जाणं ही या धंद्याची सगळ्यांत जुनी दुखरी जागा. 1950च्या दशकात व्हिक टॅनी नावाच्या उद्योजकाने जिमला पहिल्यांदा गालिचे, आरसे आणि क्रोमची चमक दिली; आजच्या आलिशान क्लबांचा मूळपुरुष तोच. पण त्याची साखळी जगली ती दीर्घ मुदतीच्या आणि आजीवन मेंबरशिपा दडपून विकण्यावर, आणि 1960च्या दशकाच्या सुरुवातीला ती कोसळली. त्यानंतर राज्याराज्यांनी कायदे केले. न्यूयॉर्कमध्ये सही केल्यावर तीन दिवसांत करार मागे घेता येतो, क्लबापासून 25 मैलांपलीकडे राहायला गेलात तरी सुटता येतं. ऑक्टोबर 2024 मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहिताच्या केंद्रीय संस्थेने देशभरासाठी नियम केला: जितक्या सहज नाव नोंदवता येतं तितक्याच सहज काढता आलं पाहिजे. तो लागू होण्याच्या तोंडावर, जुलै 2025 मध्ये, अपील न्यायालयाने कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. पुढच्याच महिन्यात कमिशनने एलए फिटनेस ही जिमची साखळी चालवणाऱ्या कंपनीवर खटला भरला. आरोप असा की सोडण्यासाठी अर्ज छापून टपालाने पाठवा, नाहीतर ठरावीक कर्मचारी हजर असेल त्या वेळेत हातात द्या, अशा अडचणी ग्राहकांपुढे ठेवल्या जात होत्या.

आपल्याकडे या गोष्टीचा एक अध्याय घडून गेला आहे. 1932 पासून व्यायामाच्या धंद्यात असलेल्या तळवलकर घराण्याची कंपनी 2010 मध्ये शेअर बाजारात आली. मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गाला वातानुकूलित जिम, स्टीम आणि ट्रेनर यांची सवय लावण्यात तिचा वाटा मोठा होता. 2019 मध्ये कंपनीने देणी थकवली, शाखा बंद पडत गेल्या, आणि वर्षाची फी एकरकमी भरून बसलेले सभासद कुलपापुढे उभे राहिले. आपल्याकडे आजही बहुतेक जिम वार्षिक फी आगाऊ घेतात, महिन्याचा दर मुद्दाम चढा ठेवतात, आणि बारा महिन्यांवर तीन महिने फुकट देतात. सप्टेंबर 2025 मध्ये जिमवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला तेव्हाही पुष्कळ ठिकाणी फलक बदलला तो वार्षिक दराचाच. तीस-चाळीस हजार एकदम घेतलेल्या मालकाला फेब्रुवारीपासून सभासद आला काय आणि न आला काय. त्याचा टॉवेल वाचतो.